कॅन्सर पेशंटांसाठी ग्रुप काढताय? आधी दार बसवा, मग माणसं बोलवा

माझा पहिला ग्रुप मी रविवारी दुपारी काढला आणि बुधवारी बंद केला. माझी केमो आणि रेडिएशन संपून काही महिने झाले होते, अंगात उत्साह होता. स्नेहसंमेलनाची नंबरांची यादी हाताशी होती, कोणाकडे 'ते' आहे हेही कानावर होतंच. संध्याकाळपर्यंत ६३ नंबर जोडून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी लोकमान्य नगरातल्या एका काकूंचा फोन आला. "अगं, विचारायचंस तरी. माझ्या लेकीची होणारी जाऊ आहे त्या ग्रुपात. लग्न होईपर्यंत आम्ही कोणाला सांगणार नव्हतो."

इंदूरचं मराठी जग एवढंसं आहे. रामबागेतल्या माणसाची मामेबहीण सुदामानगरात निघते आणि तिचा दीर तुमच्या शेजारी राहत असतो. मोठ्या शहरात अनोळखी माणसं एकत्र येतात, इथे ओळखीची येतात, म्हणून चूक महाग पडते. आणि चूक बहुतेकांची एकच: आधी ग्रुप, मग माणसं, मग भांडणं आणि सगळ्यांत शेवटी नियम. खाली क्रम उलटा आहे. पहिल्या चार पायऱ्यांत एकही पेशंट जोडायचा नाही. त्यात दोन-तीन आठवडे जातात, जाऊ द्या.

१. ग्रुप कोणाचा, ते एका ओळीत लिहा

"कॅन्सरशी संबंधित सर्वांसाठी" असं लिहिलंत तर पेशंट येतील, त्यांचे जावई येतील, विमा एजंट येतील आणि काढे विकणारेही येतील. माझ्या ग्रुपची ओळ अशी आहे: "इंदूर आणि आसपासचे, उपचार चालू असलेले किंवा संपलेले पेशंट. भाषा मराठी-हिंदी."

सोबत्यांचा, म्हणजे पेशंटची काळजी घेणाऱ्या घरच्यांचा, ग्रुप वेगळा काढा. हा मुद्दा मी कोणाशीही तडजोड न करता धरते. पेशंट बाईला लिहायचं असतं, "आता पुढची केमो नकोच वाटतेय." नवरा त्याच ग्रुपात असला की ती लिहिते, "ठीक आहे, थोडी मळमळ." आणि नवऱ्याला लिहायचं असतं की बिनपगारी रजेचा तिसरा महिना आहे, रात्री झोप नाही, तिच्यावर चिडायला होतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. दोघांनाही जागा हवी, पण एकमेकांसमोर नको.

आजार पसरलेला आहे अशांचा वेगळा ग्रुप सुरुवातीला जमत नाही, तेवढी माणसं नसतात. पण "पाच वर्षं झाली, रिपोर्ट क्लिअर, पेढे!" हा मेसेज त्यांना कसा लागत असेल याचा विचार आधीच करा. आमच्याकडे असा मेसेज "आनंदाची बातमी" या दोन शब्दांनीच सुरू करायचा असतो. ज्याला त्या दिवशी सोसत नाही, तो पुढे वाचत नाही.

भाषेवरून अडवू नका. इथली चाळिशीच्या आतली मंडळी घरात मराठी बोलतात, पण टाइप रोमनमध्ये नाहीतर हिंदीत करतात. शुद्धलेखन सुधारणारे एक आजोबा प्रत्येक ग्रुपात असतात, त्यांना आधीच फोन करून ठेवा.

तपासा: ही ओळ ग्रुपशी संबंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. आपण यात बसतो की नाही, हे त्याला एका वाचनात कळायला हवं.

२. तीन ॲडमिन, डॉक्टर नाही

एक ॲडमिन असा, ज्याचे उपचार संपून निदान वर्ष झालंय. दुसरा सोबती, जो फक्त सोबत्यांचा ग्रुप बघेल. तिसरा असा, ज्याच्या घरी सध्या हा आजार नाही. हा तिसरा मिळवायला वेळ लागतो, पण ग्रुप तोच टिकवतो; कारण पहिल्या दोघांचे फॉलोअप आणि रडण्याचे दिवस एकाच वेळी येऊ शकतात.

ओळखीच्या ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, ग्रुपात घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. आठवडाभरात त्यांच्यावर रिपोर्टचे फोटो कोसळतात, ते गप्प होतात आणि लोक मात्र स्वतःच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही इथेच टाकू लागतात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा तासभर कोणाला तरी बोलवा: आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, पॅलिएटिव्ह केअरच्या (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) नर्स. प्रश्न आधी गोळा करून नावं काढून द्यायचे. स्तनाच्या ऑपरेशननंतर हाताला येणारी सूज आणि तोंडाच्या ऑपरेशननंतर जबडा उघडण्याचे व्यायाम, या दोन विषयांना आमच्याकडे सर्वांत जास्त लोक येतात.

३. सेटिंग, ग्रुप रिकामा असतानाच

व्हॉट्सॲप ग्रुपात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि जोडताना कोणाच्याच लक्षात येत नाही. व्हॉट्सॲपच्याच 'कम्युनिटी' या सोयीत घोषणा विभागात नंबर झाकलेले राहतात, पण तिथे फक्त ॲडमिन लिहितात, गप्पा होत नाहीत. टेलिग्रामवर नंबर लपवून बोलता येतं. पण सत्तरीच्या मावशींना नवं ॲप शिकवताना त्या पुन्हा व्हॉट्सॲपवरच येतात. आम्ही व्हॉट्सॲपच ठेवलं आणि बाकी बंदोबस्त केला.

क्रमाने करा. ॲडमिनसाठी वेगळं सिमकार्ड घ्या, घरचा नंबर वापरू नका. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन "सदस्य जोडणे" आणि "सेटिंग बदलणे" हे दोन्ही अधिकार सदस्यांकडून काढा. "नवे सदस्य मंजूर करणे" चालू करा. मेसेज ९० दिवसांनी आपोआप जातील असं ठेवा. २४ तास फार थोडे होतात, कालची गोष्ट आज सापडत नाही. मात्र हे सगळं करूनही स्क्रीनशॉट काढता येतो, हे सदस्यांना स्पष्ट सांगायचं.

नावाकडे लक्ष द्या. ग्रुपच्या नावात "कॅन्सर" हा शब्द नको, गुलाबी रिबिनीचा फोटोही नको. आमच्यातल्या एका शिक्षिकेचा फोन स्टाफरूमच्या टेबलावर पडलेला असतो, स्क्रीन उजळली की नाव दिसतं. "संध्याकाळच्या गप्पा", "पोह्यांचा कट्टा" असं काहीही ठेवा. सदस्यांनी प्रोफाइलमध्ये फक्त पहिलं नाव किंवा टोपणनाव लिहावं, स्वतःचा फोटो फक्त कॉन्टॅक्टमधल्यांनाच दिसेल असं ठेवावं.

जपा: ग्रुपची लिंक समाजाच्या, सोसायटीच्या किंवा गणेशोत्सवाच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याला द्यायची त्यालाच द्या, तो आत आला की लिंक रीसेट करा.

तपासा: दोन ॲडमिन आणि घरातला एखादा फोन एवढ्यांवर एक दिवस चालवून बघा. घरातल्याला दुसऱ्या कोणाला जोडता येतं का? येत असेल तर काहीतरी चालू राहिलंय.

४. नियम लिहा, पण एका स्क्रीनवर मावतील एवढेच

वीस कलमी घटना कोणी वाचत नाही. आमचं वाक्यन् वाक्य असं आहे, हवं तर उचला:

"इथलं इथेच. कोण आहे, काय बोललं, घरीसुद्धा सांगायचं नाही. औषधाचं नाव आणि डोस सुचवायचा नाही. स्वतःला काय झालं ते जरूर सांगा. रिपोर्टचा फोटो टाकायचा नाही. उपाय, काढा, बाबा, मशीन, पावडर यातलं काही नाही. पैशाचं आवाहन आधी ॲडमिनकडे. फॉरवर्ड नाही, सणाच्या शुभेच्छाही नाहीत. कोणी रडलं तर लगेच सल्ला देऊ नका, 'वाचलं, आहे मी' एवढं पुरतं."

शेवटच्या ओळीवरून सर्वांत जास्त वाद झाला. "पॉझिटिव्ह राहा" म्हणण्यात काय वाईट, असं विचारलं गेलं. वाईट एवढंच की ते वाक्य आल्यावर समोरचं माणूस बोलायचं थांबतं. "वॉरियर", "झुंज जिंकली" हेही आम्ही टाळतो. जे गेले ते काही कमी झुंजले म्हणून गेले नाहीत.

काढ्यांबद्दल ठाम राहा. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात देणं १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे, कॅन्सरचं नाव त्या कायद्याच्या यादीतच आहे. विकणारा असेल तर काढून टाका, चर्चा नको. पण बहुतेकदा मेसेज टाकणारी एखादी प्रेमळ वहिनी असते, तिला कोणीतरी पाठवलेलं असतं. तिचा मेसेज काढा आणि त्याच दिवशी तिला फोन करा. सर्वांसमोर बोललात तर ती महिनाभर तोंड उघडणार नाही.

५. प्रवेशाचा फोन

इथे घाई करू नका. सगळी प्रक्रिया या दहा मिनिटांच्या फोनवर उभी आहे.

फोन पेशंटने स्वतः करायचा किंवा पेशंटशी आपलं बोलणं व्हायला हवं. "माझ्या सासूबाईंना जोडा" असं सुनेनं सांगून भागत नाही. पहिला प्रश्न मी सुनेलाच विचारते, हळू आवाजात: "त्यांना आजाराचं नाव माहीत आहे का?" आपल्या घरांमधून हे फार असतं. आजोबांना 'गाठ आहे, इन्फेक्शन आहे' एवढंच सांगितलेलं असतं, फाइल कपाटात वरच्या खणात असते. अशा माणसाला ग्रुपात घेतलं तर त्याला स्वतःचं निदान परक्याच्या मेसेजमधून कळेल. सुनेला सोबत्यांच्या ग्रुपात घ्या, आजोबांना नाही. सांगावं की सांगू नये हे तिला शिकवायला जाऊ नका. ते कसं सांगायचं याची मदत त्यांच्या डॉक्टरांकडे मागता येते, एवढं सुचवा.

पेशंटला काय विचारायचं: उपचार कुठल्या टप्प्यावर आहेत, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, घरात कोणाकोणाला माहीत आहे, इंदुरात कोणापासून लपवायचं आहे आणि अडीनडीला फोन करायचा झाला तर कोणाला करू. यातला चौथा प्रश्न लोक विसरतात. त्याचं उत्तर मिळालं की सध्याच्या यादीत ती नावं आहेत का ते बघा. असतील तर "आहेत" असं सांगायचं नाही, कारण मग त्या दुसऱ्या माणसाचं गुपित फुटलं. "थोडं थांबूया, तोवर आपण दोघी बोलत जाऊ" असं म्हणा. मी तिघींशी असं नुसतं फोनवर बोलते, त्या ग्रुपात कधीच आल्या नाहीत.

उत्तरं वहीत लिहा. फोनमध्ये, गूगल शीटमध्ये नकोत.

तपासा: नियम तुम्ही वाचून दाखवलेत? नंबर सगळ्यांना दिसेल हे सांगितलंत? समोरून "हो" ऐकलंत? तिन्ही झालं तरच लिंक.

६. पहिले पंधरा दिवस

आठ-दहा माणसांवर सुरू करा. पन्नासांचा ग्रुप शांत असतो, आठांचा बोलतो. पहिला प्रश्न साधा ठेवा. आम्ही विचारलं होतं, "तोंडाची चव गेली असताना काय खाल्लं गेलं?" दोन दिवस नुसता वरणभात, लिंबू, साबुदाण्याची पेज, थंड दही आणि "सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) जाऊन नुसता वास घेऊन आले" असं चाललं होतं. त्यातून माणसं एकमेकांना ओळखू लागली.

एक अडचण आधी कोणी सांगितली नव्हती. आमच्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे पेशंट बरेच. त्यांना बोलता येत नाही, ते लिहितात. वयस्कर मंडळींना टाइप करता येत नाही, ते व्हॉइस नोट टाकतात. मग काही दिवसांत बोलणाऱ्यांचा एक गट झाला आणि लिहिणारे गप्प. उपाय ओबडधोबड आहे पण चालतो: लांब व्हॉइस नोटखाली कोणीतरी दोन ओळींत सार लिहायचं, आणि रविवारच्या ग्रुप कॉलमध्ये लिहिलेले प्रश्न ॲडमिनने आधी वाचायचे. कॉलवर कॅमेरा बंद ठेवायची मुभा सगळ्यांना, न मागता.

रात्री ग्रुप बंद ठेवायचा का? मी ठेवत होते, दहा ते सात. मग एका ताईंनी सांगितलं की केमोसोबत स्टेरॉइड दिलं की रात्र रात्र झोप लागत नाही, आणि दोन वाजता कोणाशी तरी बोलावंसं वाटतं. आता ग्रुप उघडा असतो. सगळ्यांनी नोटिफिकेशनचा आवाज बंद ठेवायचा आणि उत्तर सकाळी आलं तरी रुसायचं नाही.

७. "आधी दवाखाना" मेसेज पिन करा

एकदा रात्री अकराला मेसेज आला: "ह्यांना १०१ ताप आहे, क्रोसिन देऊ का?" माझी नजर पडेपर्यंत खाली सात उत्तरं. गवती चहा, तुळस, ओल्या फडक्याच्या पट्ट्या, "केमोनंतर येतो एवढा, घाबरू नका". केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात, आणि तेव्हाचा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. मी थेट फोन लावला, ते तसेच हॉस्पिटलमध्ये गेले आणि ॲडमिट झाले.

म्हणून पिन केलेला मेसेज असा: "केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, थंडी वाजून कापरं, न थांबणारं रक्त, श्वास लागणं, पाठदुखीसोबत पायातली ताकद अचानक जाणं किंवा लघवी अडकणं. यातलं काहीही झालं तर ग्रुपवर लिहू नका. आपल्या हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करा, लगेच निघा. तापाची गोळीही त्यांना विचारल्याशिवाय नको. ॲम्ब्युलन्स १०८."

गोळीचं लोकांना पटत नाही, म्हणून कारणही सांगा: गोळीने आकडा खाली येतो, इन्फेक्शन तसंच राहतं, आणि निघायला उशीर होतो.

जपा: व्हॉट्सॲपवर पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा लावा. शिवाय हाच मजकूर ग्रुपच्या वर्णनातही ठेवा.

"जगण्यात अर्थ नाही" असं कोणी लिहिलं, तर ते ग्रुपवर सोडवू नका. एक ॲडमिन लगेच फोन करेल, सरळ विचारेल, आणि फोनवरच थांबेल. टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस आणि मोफत चालतो. धोका समोर दिसत असेल तर वहीतल्या घरच्या माणसाला आणि ११२ ला कळवा. इथे "इथलं इथेच" लागू नाही, आणि हे नियम वाचून दाखवताना आधीच सांगायचं.

८. कोणी गेलं तर

याची तयारी पहिला माणूस आत यायच्या आधी व्हायला हवी. आमची झाली नव्हती.

आमच्यातल्या एक ताई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांच्याच फोनवरून लिहिलं, "आई गेली." नव्वद मिनिटांत ऐंशीच्या वर हात जोडलेले. त्याच वेळी एक जण केमोच्या खुर्चीवर होती, हातात सलाइन, मांडीवर थरथरणारा फोन. नंतरच्या वेळी मी घाबरून बातमीच दिली नाही. तेही वाईट झालं. पंधरा दिवस लोक विचारत राहिले, "दादा दिसत नाहीत?" आणि माझं खोटं बोलणं सगळ्यांना कळत होतं.

आता असं करतो. घरच्यांची परवानगी घेतो. बातमी एकच ॲडमिन देतो, सकाळी, दुपारच्या आत. रात्री कधीच नाही. मजकूर चार ओळींचा: "आपल्या अमुक ताई काल गेल्या. घरच्यांच्या संमतीने कळवतोय. आज ग्रुप शांत राहील. ज्यांना बोलायचंय त्यांनी आम्हा तिघांपैकी कोणालाही फोन करावा." कशाने गेल्या, शेवटी काय झालं, यातलं काही नाही. मग चोवीस तास फक्त ॲडमिन लिहू शकतील असं सेटिंग करतो. आठवणी लोक आम्हाला वैयक्तिक पाठवतात, त्या एकत्र करून तेराव्यानंतर घरच्यांना देतो. परवानगी मागायच्या फोनवरच विचारायचं की हा नंबर ग्रुपातून काढू का. आईचा फोन आता लेकीच्या हातात असतो, आणि ती गुपचूप सगळं वाचत असते.

ज्यांना तोच प्रकार, तोच टप्पा आहे, त्यांना त्या दिवशी आपणहून फोन करा. ते विचारणार नाहीत.

सोबत्यांच्या ग्रुपातून मात्र त्या घरच्या माणसाला लगेच काढू नका. तो स्वतः जाईल तेव्हा जाईल.

९. पैसे आणि प्रवास

आवाहन आलं की ॲडमिनने हॉस्पिटलचं एस्टिमेट बघायचं आणि पैसे हॉस्पिटलच्या खात्यातच जातील असं करायचं. वैयक्तिक क्यूआर कोड ग्रुपवर नाही. त्याआधी कुटुंबाचं आयुष्मान कार्ड आहे का, ते विचारा: वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, आणि २०२४ पासून सत्तरीच्या वरच्यांना उत्पन्नाची अट नाही. चौकशीचा नंबर १४५५५.

इंदूरहून बरेच जण अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात, आणि निम्म्यांना रेल्वेची सवलत ठाऊक नसते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो, तो निघायच्या आधी मागून घ्यावा. असे मेसेज वेगळ्या फाइलीत साठवा, ९० दिवसांनी ते पुसले जातात.

१०. ॲडमिनची सुट्टी

वर्षातून दोनदा माझा फॉलोअप असतो. त्या आठवड्यात मी ॲडमिनपद सोडते, वेगळं सिम आणि वही दुसऱ्या ताईंकडे देते, आणि ग्रुप म्यूट करून घरचं काम करते. रिपोर्ट आला की परत ॲडमिन होते. तो कसा आला, हे मी सांगेपर्यंत कोणी विचारायचं नाही. हा नियम मीच नंतर घातलाय.